महापूर येऊ द्या, जीडीपी वाढू द्या

सांगलीकर मंडळी, हल्ली काही लोक ‘हरित अर्थशास्त्र’ घेऊन गावोगाव फिरतायत. त्यांचं म्हणणं असं की, नफा काढताना नदीचं, मातीचं, हवेचं झालेलं नुकसानही वहीत मांडायचं. अजिबात कानावर घेऊ नका. असं मांडायला लागलो तर निम्मे कारभारी तोट्यात निघतील, आणि मग सत्कार कुणाचे करायचे? जिल्ह्याची भरभराट हवी असेल तर मी सांगतो तसं करा.

आधी कृष्णाकाठी प्लॉट बघा. पूररेषा निळी असते, लाल असते, पण ती नकाशावर. जमिनीवर कुठंच काढलेली नसते, त्यामुळे दिसत नाही. मध्ये पावसापुराचं पाणी वाहून नेणारा एखादा ओत आडवा येत असेल तर चार ट्रॉल्या मुरूम टाका, म्हणजे तोही दिसायचा बंद होतो. वर इमारत उभी करून तिला ‘रिव्हर व्ह्यू’ नाव द्या. ऑगस्ट 2019 मध्ये नदी स्वतःच फ्लॅट बघायला आली होती. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. व्ह्यूचा जादा दर दिलेल्यांचे पैसे त्या आठवड्यात वसूल झाले.

आता यातलं अर्थशास्त्र समजून घ्या. हरभट रोडवरच्या दुकानांतला जो माल भिजून, कुजून उकिरड्यावर गेला, तो जीडीपीतून, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या आकड्यातून, वजा होत नाही. मात्र गाळ उपसणारा जेसीबी, नवा सोफा, नवा फ्रीज, रंगारी, जंतुनाशक, तापाच्या गोळ्या, सगळं बेरजेत धरलं जातं. म्हणजे पूर आला नसता तर तुम्ही त्याच जुन्या सोफ्यावर बसून देशाची प्रगती अडवून धरली असती. आणि आपला वेग बघा: 2005 नंतर पुढच्या मोठ्या पुराला 14 वर्षं लागली, 2019 नंतर दोनच.

शेतकरी बंधूंनी ऊसच लावावा. राज्यात पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के आणि सिंचनाच्या पाण्यात दोन-तृतीयांशाच्या आसपास, असं कुणी ऐकवलं तर ‘हो का?’ म्हणा आणि मोटर चालू करा. लाइट रात्री येते; ती आली की पाटानं पाणी मोकळं सोडून घरी येऊन झोपा. ठिबकच्या भानगडीत पडू नका, थेंब मोजत बसणं बागायतदाराला शोभत नाही. सोबत युरिया सढळ हातानं टाका. तोडणीनंतर पाचट तेवढं पेटवून द्या; ते कुजून माती भुसभुशीत झाली तर पुढच्या वर्षी खताच्या दुकानदारानं खायचं काय?

असं चिकाटीनं करत राहिलात की मिरज-वाळव्याच्या काळ्या रानात एक दिवस पांढरा थर दिसतो. घाबरू नका. निचरा नाही आणि पाणी मात्र रोज, म्हणून खालचे क्षार वर आलेत. आधी उतारा घटतो, मग ऊस पिवळा पडतो, मग गवतही उगवेना होतं. आजोबांनी राखलेलं रान गेलं, पण गेलेलं रान कुठल्याच खात्यात खर्ची पडत नाही. उलट पुढं जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडून निचरा करायची योजना येते, तिला कर्ज मिळतं, कंत्राटदार मिळतो, खोदकाम होतं. ऊस काढताना एकदा वाढ, रान दुरुस्त करताना पुन्हा वाढ. नीट राखलेल्या जमिनीला हे जमेल?

खोडा घालणारे मात्र सगळीकडे असतात. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्सनं 1934 साली अमेरिकेचं राष्ट्रीय उत्पन्न मोजून दिलं आणि त्याच अहवालात बजावलं की, या आकड्यावरून लोकांचं कल्याण ओळखू नका. आकडा ठेवून घेतला, सूचना सोडून दिली. त्याच वर्षी वर्ध्याला गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाच्या कामाला लागले. हा तर लंडनला हिशेबतपासणी शिकलेला, म्हणजे अगदी घरभेदीच! म्हणायचे, संपणारा साठा उपसून जगू नये, दरवर्षी नव्यानं येतं त्यावर भागवावं. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निसर्गाचा जमाखर्च मांडायची रीतसर पद्धत मंजूर केली. पण ते हिशेब जीडीपीच्या बाजूला, वेगळ्या वहीत. मुख्य आकडा सुखरूप आहे, निश्चिंत राहा.

शेरीनाल्याबद्दल उगाच ओरड करू नका. शहराचं सांडपाणी त्यातून नदीत जातं म्हणून तर घरोघरी फिल्टर बसतात आणि दारात 20 लिटरचा जार येतो. ओंजळीनं प्यायलेल्या पाण्याची पावती फाडता येत नाही.

आणि खानापूर तालुक्यात गेलात तर येरळा नदीवरच्या बळीराजा स्मृती धरणाकडे फिरकू नका. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात ते स्वतः बांधायला घेतलं. नदीची वाळू ठेकेदार बेसुमार नेत होते. यांनी तीच वाळू मोजून-मापून विकली आणि धरणाला पैसा उभा केला. वर ठरवलं काय, तर पाणी सगळ्या घरांना सारखं आणि त्या पाण्यावर ऊस नाही! पाण्याच्या समान वाटपासाठी लढणारे मुक्तिसंघर्ष चळवळवाले आणि भारत पाटणकर पाठीशी होते, दुसरं काय होणार? दुष्काळी भागात टँकरचा भरवशाचा धंदा, तो अशानं मोडतो.

पोरांना तर तिकडे मुळीच नेऊ नका. परत आल्यावर विचारतात, ‘बाबा, एवढी मोठी नदी शेजारी असताना आपण पाणी विकत का घेतो?’ अशा पोराला लगेच क्लासला घाला. फी जीडीपीत धरतात.