थोडीशी शुगर, किंचित बीपी

सर्वप्रथम अभिनंदन! न्यू जर्सीत इन्शुरन्सचं लायसन्स काढलंत आणि मेडिकेअर सप्लिमेंट, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याला लावायचं खासगी ठिगळ, विकायचं ठरवलंत, फार छान केलंत. गिऱ्हाईक तयारच आहे. ऐंशीच्या दशकात आलेले आपले इंजिनिअर आता पासष्टी गाठतायत. मुलांमागून ग्रीन कार्डवर आलेले नाशिक-पुण्याचे आईबाबा सलग पाच वर्षांच्या वास्तव्याची अट पूर्ण करून त्यांच्या मागे उभे आहेत. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेला लागून टेबल मांडा. बाकी काका-काकू आपणहून येतात.

माल काय विकायचाय ते एकदा बघून घ्या. मेडिकेअरचा कायदा १९६५ सालचा आहे, पण डॉक्टरच्या बिलातला २० टक्के वाटा म्हाताऱ्या माणसाच्या माथी राहतो, आणि त्या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही. दहा हजारांचं बिल असो की तीन लाखांचं, हिशेब तोच. हे भगदाड बुजवायची पॉलिसी म्हणजे आपली सप्लिमेंट, उर्फ मेडिगॅप. प्लॅन जी घेतला की पार्ट बीची, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टरखर्चाच्या भागाची, वर्षाची वजावट खिशातून भरायची, २०२५ साली ती २५७ डॉलर होती, आणि मग जवळजवळ सगळं कंपनीवर. शिवाय १९९२ पासून हे प्लॅन सरकारनेच ठरवून दिलेत. एका कंपनीचा जी आणि शेजारच्या कंपनीचा जी यांच्या फायद्यांत काडीचा फरक नाही, फरक फक्त प्रीमियमचा.

मग एजंट लागतो कशाला? कारण प्लॅन सारखे असले तरी कंपन्यांच्या खोडी सारख्या नाहीत. एकीला पन्नास युनिटच्या आतलं इन्सुलिन चालतं, दुसरीला इन्सुलिन हा शब्दही चालत नाही. एक कंपनी स्टेंट टाकल्याला दोन वर्षं झाली की माणूस घेते, दुसरी अजून थांब म्हणते. उंची-वजनाचा तक्ताही प्रत्येकीचा वेगळा. हे सगळं प्रत्येक कंपनीच्या अंडररायटिंग गाइडमध्ये, म्हणजे तब्येत बघून कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही याच्या पुस्तिकेत, छापलेलं असतं. ते वाचलं तर कुठल्या काकांना कुठे न्यायचं हे अर्ज भरण्याआधीच कळतं. तेव्हा ते वाचू नका. एकच कंपनी धरा, जिचं कमिशन बरं आहे ती, आणि सगळ्या काकांना तिथेच न्या. आजारानुसार माणसं वेगळी करणं म्हणजे भेदभाव, आणि तो आपल्या संस्कारात बसत नाही.

एक सावधगिरीची सूचना. पासष्टी झाल्यावर पार्ट बी सुरू झाला की पुढचे सहा महिने कुठलीही कंपनी प्रकृतीच्या कारणावरून नाही म्हणू शकत नाही, प्रीमियमही वाढवू शकत नाही. हृदय अर्ध्या क्षमतेवर चालत असलं तरी पॉलिसी मिळते. या सहा महिन्यांचा फार गाजावाजा करू नका, त्यात तुमच्या कौशल्याला वाव नाही. काकांना म्हणावं, ‘सध्या तब्येत ठणठणीत आहे ना? मग घाई कसली!’ तोवर त्यांना शून्य प्रीमियमचा, दाताचा आणि जिमचा फायदा देणारा अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन, म्हणजे मेडिकेअर खासगी कंपनीमार्फत घ्यायचा पर्याय, घ्यायला लावा. पुढे काही वर्षांनी बायपास झाल्यावर ते सप्लिमेंट मागायला येतील, तेव्हा हेल्थ अंडररायटिंग या विषयाची खरी गोडी कळेल. (ओबामाकेअरच्या कायद्याने २०१४ पासून जुन्या आजाराच्या नावाखाली विमा नाकारणं बंद केलं, हे काकांनी वाचलेलं असतं आणि ते ऐकवतातही. तो नियम मेडिगॅपला लागू नाही, हे त्यांना तेव्हा कळतं.)

हडसन नदीच्या पलीकडे मात्र चुकूनही बोट दाखवू नका. न्यूयॉर्क राज्यात बारा महिने कधीही, तब्येतीचा प्रश्न न विचारता मेडिगॅप द्यावीच लागते. कनेक्टिकटमध्येही तेच. प्रीमियम तिकडे चढे असतात हे खरं, पण मुलगी क्वीन्समध्ये राहते म्हणून एखाद्या काकूंनी मुक्काम हलवला तर आपण काय करायचं?

आता मुख्य कला, म्हणजे फॉर्म भरणं. फॉर्ममधले प्रश्न वकिलांनी लिहिलेले असतात आणि एकेका प्रश्नात आठ-दहा रोग कोंबलेले असतात. ते आरतीच्या शेवटच्या कडव्याच्या वेगाने वाचा. ‘गेल्या दोन वर्षांत हार्ट अटॅक स्ट्रोक कॅन्सर पार्किन्सन्स सीओपीडी ऑक्सिजन वगैरे काही नाही ना?’ या शेवटच्या ‘नाही ना’त तुमचा सगळा अनुभव पणाला लागतो. समोरचा माणूस मराठी असेल तर त्याला स्वतःला आजारी म्हणवून घ्यायचंच नसतं. मधुमेह कुणालाच नसतो, थोडीशी शुगर असते. बीपी किंचित असतं. अँजिओप्लास्टी म्हणजे ‘ते जरा आतून साफ करून घेतलं’. दम लागतो तो जिना चढल्यामुळे. तुम्ही फक्त मान डोलवायची आणि ‘नाही’च्या चौकटीत खूण करत जायचं. खाली तुमचीही सही असते, की मी सर्व प्रश्न विचारले आणि मिळालेली उत्तरं बरोबर नोंदवली. ती घरी गेल्यावर केलीत तरी चालते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक निळा प्लास्टिकचा डबा दिसेल, सात वारांचे सात कप्पे. त्याकडे अजिबात बघू नका. डबा उघडला तर तुम्हाला विचारावं लागेल, की ही पांढरी गोळी कशाची. काकू म्हणतील, पायाला मुंग्या येतात त्याची. म्हणजे गॅबापेन्टिन. शेजारी मेटफॉर्मिन. तुम्ही गाइड वाचलेलं नाही हे बरं, नाहीतर कळलं असतं की या दोन गोळ्या एकत्र दिसल्या की कंपनी मधुमेहाने नसा बिघडल्याचा संशय घेते आणि अर्ज अडतो. पायावरच्या सुजेसाठी दिलेली फ्युरोसेमाइड कंपनीच्या यादीत हृदय कमजोर असल्याची खूण म्हणून वाचली जाऊ शकते. गोळी काय आहे आणि ती नेमकी कशासाठी दिली, एवढे दोन प्रश्न अर्जाआधी विचारले तर निम्मी भानगड टळते. पण चहा येईपर्यंत फॉर्म संपवायचा आहे ना?

कंपनी नंतर फार्मसीच्या नोंदी तपासते, हे खरं आहे. त्यावर आपल्याकडे खास उपाय आहे: पुण्याहून आणलेल्या गोळ्या. सदाशिव पेठेतल्या मेडिकलवाल्याने वर्षभराच्या पट्ट्या खाकी पाकिटात बांधून दिलेल्या असतात आणि त्यांची नोंद अमेरिकेतल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर नसते. काकांना सांगा, ‘जे इथल्या डॉक्टरला माहीत नाही ते तुम्हाला नाहीच.’ पुढे दीड वर्षाने ते छातीत कळ येऊन हॉस्पिटलात जातात आणि इमर्जन्सीतल्या डॉक्टरला आपली सगळी कहाणी २०११ च्या अँजिओग्राफीपासून सांगतात. तो ती टाइप करून ठेवतो. मोठा क्लेम, नवी पॉलिसी, म्हणून कंपनी ते कागद मागवते. फॉर्मवरचं ‘नाही’ आणि कागदावरचं ‘२०११’ जुळत नाही, आणि पॉलिसी कधी दिलीच नव्हती असं धरून हप्ते परत पाठवते. अशा वेळी काका फोन करतील. फोन मुलाला करायला सांगा, मुलगा मीटिंगमध्ये असतो.

जुनी पॉलिसी असेल तर नवीचा अर्ज गेल्या दिवशीच ती बंद करायला लावा. महिन्याला चाळीस डॉलर वाचतायत, मग मंजुरीची वाट कशाला बघायची? हप्ते भरत राहिलं तर जुन्या कंपनीला आजारपणामुळे त्यांना काढता आलं नसतं, नव्या कंपनीने नकार दिला तर काका तिथेच सुरक्षित राहिले असते, वगैरे शंका भित्र्या माणसांच्या असतात.

हिवाळ्यात पुण्याला जाणाऱ्यांना प्लॅन जी विकताना ‘भारतातही चालतं’ एवढंच म्हणा. परदेशी फक्त इमर्जन्सी, तीही प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतली, २५० डॉलर वजा करून ८० टक्के, आणि आयुष्यभरात मिळून ५० हजार डॉलर, हा तपशील विमानात वाचायला बरा असतो. काकू पुण्यात चार महिने राहतात, त्यातले शेवटचे दोन जपून राहतील.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात नाही. काही कंपन्या अर्जानंतर थेट अर्जदाराला फोन करतात. पलीकडे गोड आवाजाची मुलगी असते, तिला वेळ असतो, आणि ती विचारते, ‘हाउ आर यू फीलिंग टुडे?’ न्यू जर्सीत आल्यापासून काकूंना हा प्रश्न मनापासून कुणी विचारलेला नसतो. सून कामावर, नातू हेडफोन लावून. काकू खुर्ची ओढून बसतात. शुगरपासून सुरुवात होते, मग मुंग्या, मग झोप. मुलगी पुढचा प्रश्न वाचते: डॉक्टरने एखादी तपासणी किंवा शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि ती अजून केलेली नाही, असं काही आहे का? आणि काकू आनंदाने सांगतात, की गुडघा बदलायला सांगितलाय, दोन्ही बदलायला सांगितलेत खरं तर, पण डिसेंबरात भाचीचं लग्न आहे कोथरूडला, नाचायचंय तिथे, म्हणून म्हटलं ही पॉलिसी झाली की मग आल्यावर बघू.

नकाराचं पत्र आलं की तुम्ही फोन करायचा आणि जरा दुखावलेल्या आवाजात म्हणायचं, ‘काकू, अहो, एवढं बोलायची काय गरज होती?’