मानेवरचा मळ

मे महिन्यात मालवणला घरी गेले होते. न्हाणीघरातून भाच्याचा आरडाओरडा ऐकून डोकावले, तर आई सोडणाच्या काथ्याने त्याची मान खसाखसा घासत होती. "बघ गो, कितको मळ! जातच नाय." मान लालभडक झाली होती, काळेपणा मात्र होता तसाच.

तो मळ नाही. मानेवर, काखेत कातडी अशी काळी, जाडसर, मखमलीसारखी होते तेव्हा बऱ्याचदा रक्तातलं इन्सुलिन चढं असतं. डॉक्टर तिला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. पोरगा 11 वर्षांचा, वजन 58 किलो. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, खात्यापित्या घरचा आहे, दृष्ट लावू नका.

मी ठाण्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शाळकरी मुलांचे वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एसजीपीटी (यकृताला त्रास होतोय हे सांगणारा आकडा) आता मला नवीन राहिलेले नाहीत. 1990 साली भारतात 5 ते 19 वयाची साधारण 4 लाख मुलं लठ्ठ होती, 2022 साली ती सव्वा कोटी झाली असा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला अंदाज आहे. हे फक्त शहरातलं दुखणं आहे असं मलाही वाटायचं.

चरबी म्हणजे धान्याची कणगी नव्हे, भरून ठेवली की गप्प बसायला. पेशी फुगत जातात, मधल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही, रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात आणि सूज धुमसत राहते. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांवर, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या चुलींवर, इंधनाचा मारा होतो आणि ऑक्सिजनचे फुटकळ, चिडके रेणू जास्त बाहेर पडू लागतात. ते आवरायला शरीराकडे ग्लुटाथायोन, कॅटालेज अशी स्वतःची माणसं असतात. ती कमी पडली की या चिडक्या रेणूंचा ताण पडतो, तोच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. आमच्या खिडकीच्या गजांना खारा वारा खातो ना, रसायनशास्त्राच्या दृष्टीने गोष्ट त्याच जातकुळीतली. इन्सुलिनचा निरोप पेशीत नीट पोचत नाही, रक्तवाहिन्या सैल सोडणारं नायट्रिक ऑक्साइड वाया जातं, यकृतात चरबी साठते. दुखत काहीच नाही. रोजच्या तपासणीत हा ताण थेट मोजतही नाहीत. पन्नाशीत सुरू व्हायचं ते अकराव्या वर्षी सुरू झालं, तर पुढची किती वर्षं ते चालणार याचा हिशेब करा.

हे मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, तर एका चुलत भावाने लगेच कोकमाच्या कॅप्सूलची जाहिरात टाकली. 'अँटिऑक्सिडंट', म्हणजे ते चिडके रेणू आवरणारं! कोकमात गार्सिनॉल आहे, अँथोसायनिन आहे, खरंच आहे. पण गोळ्यांचं गणित इतकं सरळ नसतं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, तर फुफ्फुसाचा कॅन्सर घटायच्या ऐवजी वाढला. 1994 सालचा अभ्यास आहे. आणि आपलं अमृत कोकम? सालांपेक्षा जास्त साखर ओतून मुरवलेलं. तिवळ, म्हणजे कोकमाचं बिनसाखरेचं पाणी प्या, सोलकढी प्या, पण सरबताला औषध म्हणू नका. उलट रोज अंग हललं की शरीर आपली ती माणसं स्वतःच वाढवतं. 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी श्वास वाढेल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमचा भाचा दीड किलोमीटरवरच्या शाळेत रिक्षाने जातो. त्याची सायकल पडवीत गंजतेय.

पोराच्या वजनावरून त्याच्या आईला, माझ्या वहिनीला सगळे बोलतात, ते मला पटत नाही. शाळेपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 2020 सालचा नियम आहे. आमच्या वाडीत शाळेच्या फाटकासमोरच दुकान आहे आणि दाराला पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात. दुकानदार तरी काय विकणार? पेजेला गिऱ्हाईक नाही. आणि दर गणपतीत क्रीमची बिस्किटं, चॉकलेटं, कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या बॅगा भरभरून कोण नेतं? आम्ही चाकरमानीच. मीच. पोरं एसटीची वाट बघतात ती त्या बॅगेसाठी, आणि रिकाम्या हाताने गेलं की आपल्यालाच कसंनुसं होतं.

तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या लिहून दिल्यात, सोनोग्राफीसुद्धा. उपाशी ठेवायचं नाही, बाटल्या बंद, शाळेत चालत जायचं आणि सकाळी पेज-भाजी, एवढंच सांगितलं. निघताना भाच्याने हळूच विचारलं, "आते, हो काळो जातलो मा?" वजन आटोक्यात आलं की हळूहळू फिकट होतो, वेळ लागेल, असं सांगितलं. मग आईच्या हातून काथ्या काढून घेतला आणि भांडी घासायच्या जागी ठेवून आले.