घर पाचपट, शेअर चारपट: एका प्रतिक्रियेला उत्तर

एमटीएफवर, म्हणजे ब्रोकरकडून पैसे उचलून शेअर्स घेण्यावर मी लिहिलं, त्यावर तुमची सडेतोड प्रतिक्रिया आली. तिचा गाभा असा: ८० टक्के गृहकर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्या माणसाने एमटीएफला नावं ठेवणं हा ढोंगीपणा आहे. घरात लिव्हरेज (म्हणजे स्वतःच्या पैशाच्या किती पट किमतीची वस्तू घेतली) पाचपट, शेअर्समध्ये चारपट, म्हणजे उलट कमीच. आणि चांगला शेअर आज पडला तरी उद्या वर येतोच.

तुमचं गणित चोख आहे. १२ लाख स्वतःचे आणि ४८ लाख बँकेचे घालून ६० लाखांचा फ्लॅट घेतला आणि भाव २० टक्के पडला, तर कागदावर तुमचे १२ लाख साफ. तरीही त्या संध्याकाळी बँकेतून फोन येत नाही. फ्लॅटचा भाव रोज कुठे छापूनच येत नाही, आणि आला तरी ईएमआय वेळेवर जातोय तोवर बँक सहसा ढुंकून बघत नाही. हप्ते थकले तरी खातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत ठरायला ९० दिवस, त्यापुढे सरफेसी कायद्याची (ज्याखाली बँक तारण घर ताब्यात घेते) ६० दिवसांची नोटीस. गृहकर्जाचा खरा काच व्याजदराचा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांच्या कर्जाची मुदत गपचूप लांबली. पण घर विकायला कोणी लावलं नाही.

आता एमटीएफ बघा. १ लाख तुमचा, ३ लाख ब्रोकरचे, शेअर्स ४ लाखांचे. शेअर १५ टक्के पडला की माल उरतो ३.४० लाखांचा. ब्रोकरचे ३ लाख जसेच्या तसे, वर रोजचं व्याज. तुमचे उरले ४० हजार. २५ टक्के मार्जिन (मालाच्या किमतीतला स्वतःचा वाटा) कायम ठेवायचं असेल तर हवेत ८५ हजार, म्हणजे शॉर्टफॉल, अर्थात तूट, ४५ हजारांची. मेसेज येतो, मुदत मिळते एखाद-दोन दिवसांची. पैसे भरले नाहीत तर ब्रोकर माल विकून मोकळा होतो. घसरण मोठी असेल तर मुदतीचीही वाट न बघण्याचा हक्क करारात त्याने बहुधा ठेवलेला असतो. (तो करार आपण ओटीपी टाकून ‘वाचलेला’ असतो.)

‘वर येतोच’ म्हणता, तर ४ जून २०२४ आठवा. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी सेन्सेक्स जवळपास ४,४०० अंकांनी कोसळला, सरकारी कंपन्यांचे कित्येक शेअर्स १५ टक्क्यांहून जास्त आपटले. आणि ७ जूनला सेन्सेक्स निकालाआधीच्या पातळीच्याही वर बंद झाला. तुमचंच म्हणणं खरं ठरलं, तेही तीन दिवसांत! स्वतःच्या पैशाने घेतलेल्याला काहीही करावं लागलं नाही. पण मार्जिन भरता न आल्याने ज्याची पोझिशन (घेऊन ठेवलेला व्यवहार) ब्रोकरने विकून कापली, त्याच्याकडे वर यायला शेअर्सच उरले नव्हते.

हे फक्त नवख्यांचं होतं असंही नाही. अमेरिकेतल्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडात रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते, दोघांनाही १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेलं. १९९८ च्या सुरुवातीला फंडाचं भांडवल होतं पावणेपाच अब्ज डॉलर्सच्या आसपास, उसने घेतलेले सुमारे १२५ अब्ज. ऑगस्टमध्ये रशियाने कर्ज बुडवलं, बाजार फिरला, आणि सप्टेंबरात १४ वित्तसंस्थांनी ३.६ अब्ज घालून फंड ताब्यात घेतला. पुढे त्याच पोझिशन्स सावकाश मोकळ्या करून या संस्थांनी आपले पैसे थोड्या नफ्यासह परत मिळवले. अंदाज बऱ्याच अंशी बरोबर होते, पण थांबायची ऐपत दुसऱ्यांकडे होती.

म्हणून मी ‘किती पट’ यापेक्षा आधी विचारतो, की पैसे परत मागायचा हक्क कोणाकडे आहे आणि तो कधी मागू शकतो. यात ढोंगीपणा कुठे आला ते मला अजून कळलेलं नाही.

एमटीएफ कधीच वापरू नये, असं मी लिहिलेलं नव्हतं. शॉर्टफॉल भरायला बाजूला रोकड असेल आणि चारपटीऐवजी सव्वापट-दीडपटीवर थांबायची तयारी असेल, तर माझा आक्षेप बराच मावळतो. फक्त ती रोकड पुढच्या ईएमआयसाठी ठेवलेली नसावी. तुमच्याकडे ती वेगळी आहे का, हे प्रतिक्रियेत लिहिलेलं नाहीत.