‘नावातच सेकंद लिहिलं की भागतं’ या आक्षेपाबद्दल

माझ्या लेखावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की, सी प्लस प्लसमध्ये आकड्याला चिकटून एस (सेकंद), एमएस (मिलिसेकंद), एच (तास) लिहिणं ही निव्वळ सजावट आहे. व्हेरिएबलचं नाव ‘टाइमआउट सेकंद’ ठेवलं की पुरे. शिवाय दिवसासाठी असं लिटरल (आकडा आणि एकक एकत्र लिहिलेलं मूल्य) नाही, अशीही तुमची तक्रार आहे.

पहिलं म्हणणं मला पटत नाही. नावाचा अर्थ माणसाला कळतो, कम्पायलरला नाही. लिनक्सवर थांबण्याची वेळ घेणाऱ्या फंक्शनांपैकी स्लीप सेकंद घेतं, पोल मिलिसेकंद आणि यूस्लीप मायक्रोसेकंद. तुमच्या ‘टाइमआउट सेकंद’मध्ये ३० असेल आणि ते चुकून पोलला गेलं, तर ३० मिलिसेकंदांतच टाइमआउट होतो आणि कम्पायलर चकार शब्द काढत नाही. याउलट पॅरामीटर क्रोनोच्या (सी प्लस प्लसमधल्या वेळेच्या लायब्ररीच्या) मिलिसेकंद टाइपचा असेल, तर ३०एस चे ३०,००० आपोआप होतात; नुसतं ३० दिलं तर कोड कम्पाइलच होत नाही. मिलिसेकंदांचे पूर्ण सेकंद करताना मात्र ड्युरेशन कास्ट हे रूपांतर हाताने लिहावं लागतं, कारण तिथे अपूर्णांक गळतो: १९९९एमएस चा १ सेकंद उरतो. वरच्या पूर्ण सेकंदाकडे न्यायचं असेल तर सी प्लस प्लस १७ पासून सील हे फंक्शन आहे.

खरा घोळ काउंटपाशी होतो; ते एकक टाकून नुसता आकडा देतं. पोलला देण्यासाठी टाइमआउटवर थेट काउंट बोलावलेलं असतं. पुढे कोणीतरी ऑटोने (म्हणजे टाइप कम्पायलरवर सोडून) घेतलेल्या त्या व्हेरिएबलमध्ये ५०००एमएस च्या जागी ५एस लिहितं, आणि पोलला ५ मिळतात. उपाय साधा आहे: आधी मूल्य मिलिसेकंद टाइपमध्ये घ्या, मग त्याच ओळीत काउंट करा.

दिवसाचं लिटरल सी प्लस प्लस २० मध्ये आलंय, पण १डी म्हणजे महिन्यातली १ तारीख. ठरावीक वेळ थांबवणाऱ्या स्लीप फॉर या फंक्शनला ते देता येत नाही. कालावधीसाठी डेज हा टाइप वापरा. तो नेमका ८६,४०० सेकंदांचा आहे. भारतात घड्याळं पुढेमागे होत नाहीत म्हणून इथे ते खपून जातं. लंडनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, म्हणून तो दिवस २३ तासांचाच असतो. मंथ्स तर आणखी फसवं: एक मंथ म्हणजे २६,२९,७४६ सेकंद, म्हणजे ३० दिवस १० तास २९ मिनिटं ६ सेकंद. सकाळी ९ च्या वेळेत तो मिळवला, तर उत्तर संध्याकाळी ७ वाजून २९ मिनिटांचं येतं. दरमहाच्या हप्त्याची तारीख काढायची असेल तर वर्ष-महिना-दिवस या टाइपवर महिना मिळवा, आणि ३१ जानेवारीनंतर ‘३१ फेब्रुवारी’ येते म्हणून तारीख खरी आहे का हे सांगणारं ओके तपासा.

हेडर फाइलमधल्या (इतर फाइल्स जिला आत घेतात त्या फाइलमधल्या) यूझिंग नेमस्पेस या, लिटरलं वापरण्यासाठी लिहिलेल्या ओळीवरचा तुमचा आक्षेप मात्र रास्त आहे. तो हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलवर ती लादली जाते. ती ओळ फंक्शनच्या आत लिहावी. लेखातलं उदाहरण तसं दुरुस्त केलं आहे.