डॉक्टरांनी दवाखान्यातच बसावं का?

"डॉक्टरांनी नाडी बघावी. आभाळ बघायला वेधशाळा आहे!"

बंड्याने काडी टाकली आणि कट्टा पेटला. हवेच्या प्रदूषणावर डॉक्टरांनी आयुक्तांना दिलेल्या निवेदनाची बातमी सगळ्यांनी सकाळीच वाचली होती, त्यामुळे कोण, काय, कुठे हे कुणी विचारलं नाही. सह्या आपल्याच भागातल्या डॉक्टरांच्या. लहान मुलांचे, छातीचे, कान-नाक-घशाचे, अगदी कोपऱ्यावरचे होमिओपॅथीवालेसुद्धा. मागण्या तीनच: फटाक्यांची वेळ नुसती कागदावर नको, रस्त्यावर पाळा; कचरा पेटवणाऱ्यांना आवरा; काँक्रीटच्या प्लांटांची धूळ झाका. पण बंड्याचा स्टॉल दरवर्षी मैदानाच्या तोंडाशी लागतो, तेव्हा त्याने पहिलीच मागणी वाचली आणि पेपर घडी घालून ढुंगणाखाली ठेवला.

"बंड्या," मेडिकलवाला शिऱ्या म्हणाला, "दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे नेब्युलायझरची औषधं ठेवायला फळी पुरत नाही. तू फटाके विकतोस, मी इनहेलर. धंदा आपला भागीदारीतच आहे. फक्त तुझं गिऱ्हाईक हसत येतं."

"आमच्या लहानपणी आम्ही लवंगी हातात धरून फोडायचो. काय झालं आम्हाला?"

"ते तुला बघून डॉक्टरच सांगतील."

बंड्याचं हे 'आमच्या लहानपणी' कुठल्याही विषयाला चालतं. हेल्मेट असो, बेकरीचा पाव असो, की मुलीचं शिक्षण. त्याच्या लहानपणी हवा स्वच्छ, पाणी गोड, मास्तर कडक आणि बंड्या हुशार होता. यातलं शेवटचं खोटं आहे हे वर्गात मागे बसलेले आम्ही तिघं जाणतो.

शिऱ्याने मग नागगोळी काढली, म्हणजे विषय काढला. 2016 मध्ये पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यापीठातल्या मुलांना बरोबर घेऊन फटाके एकेक पेटवून धूर मोजला. सगळ्यात वाईट कोण? सुतळी बॉम्ब नव्हे, बाण नव्हे. आपण तीन वर्षांच्या पोराला 'बघ साप बघ' म्हणून उकिडवं बसवतो ती नागगोळी! घनमीटरला 64,500 मायक्रोग्रॅम बारीक धूलिकण. हजाराची माळ त्याच्या खाली, 38,540. फुलबाजी 10,390. आणि आपल्याकडे दिवसभराची सरासरी मर्यादा आहे 60.

"आवाज नाही म्हणून आपण तिला बाळबोध समजतो," शिऱ्या म्हणाला. "आणि पोराचं नाक तिच्यापासून वीतभर. हे तुला-मला डोळ्यांनी कळलं असतं का? छातीच्या डॉक्टरांनी यंत्र लावलं म्हणून कळलं. आता त्यांनी आकडा कपाटात ठेवायचा?"

बंड्याने नागगोळीचा स्टॉक मनातल्या मनात मोजला असावा. तो गप्प होता.

मला इथे बोलावंसं वाटलं आणि मी बोललो. माझ्या धाकटीला दम्याचा त्रास आहे, कट्ट्याला माहीत आहे. तिचे डॉक्टर दर दिवाळीला सांगतात, आठ दिवस गावाला घेऊन जा. गावाला गेलं की तोडणी झालेल्या उसाचं पाचट पेटलेलं असतं. हाच सल्ला ते दिवसातून किती आयांना देत असतील? प्रत्येकीला वेगळा, दाराआड, हलक्या आवाजात. औषध एकेकाला देता येतं, हवा एकेकीला वेगळी देता येत नाही. म्हणून दाराआडचं तेच बोलणं त्यांनी एकत्र येऊन, सह्या करून, आयुक्तांच्या टेबलावर ठेवलं, तर मला त्यात राजकारण दिसत नाही. उलट इतकी वर्षं का लागली, हा माझा प्रश्न आहे. आणि एकट्याने बोललं असतं तर? 'धर्माच्या विरोधात' म्हणून एकाच दवाखान्याची पाटी काळी झाली असती. सगळ्यांनी मिळून केलं की दगड कुणावर मारायचा ते कळत नाही.

"बरं, मग यांचं काय?" बंड्याला दम आला. "औषध कंपनीच्या पैशाने सिंगापूरला जाताना विमानाचा धूर दिसत नाही! आणि हॉस्पिटलचा कचरा? सलाइनच्या नळ्या, हातमोजे... तो कुठला फुलांचा?"

हा मुद्दा खरा होता, आणि बंड्याकडून आला म्हणून खोटा ठरत नाही. शिऱ्यानेही मान्य केला. "सिंगापूरवरून त्यांना झाडायचं असेल तेव्हा मला हाक मार, मी तुझ्या पुढे असेन. पण कचऱ्याचं ऐक. अमेरिकेत नव्वदच्या दशकात सरकारी यंत्रणेनेच दाखवून दिलं की डायॉक्सिनसारखं विष हवेत सोडणाऱ्यांमध्ये दवाखान्यांच्या भट्ट्या अगदी वरच्या नंबरात आहेत. कॅन्सर बरा करणारे कॅन्सरचा धूर सोडतात! त्यावरून 1996 मध्ये 'हेल्थ केअर विदाऊट हार्म' नावाची चळवळ उभी राहिली, डॉक्टर-नर्स मंडळी त्यात. हजारो भट्ट्या होत्या, पंधरा वर्षांत शंभराच्या आत आल्या. आधी स्वतःचं अंगण झाडलं."

"आपल्याकडचे झाडतात का?"

"नाही झाडत तर पुढचं निवेदन तू लिही. सही करायला मी येतो."

एवढ्यात कुलकर्णी सर आले. रसायनशास्त्राचे, निवृत्त. त्यांना विषय सांगावा लागत नाही, ते चपला काढतानाच सुरू होतात.

"दुधाचा दात पडला की आपण काय करतो?"

"छपरावर टाकतो, सर."

"अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या पोरांनी डॉक्टरांना पाठवला. 1958 चा डिसेंबर. नेवाडाच्या वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचण्या चालल्या होत्या, आणि सरकार सांगत होतं, काही धोका नाही. त्या राखेत स्ट्रॉन्शियम-90 नावाचं किरणोत्सारी द्रव्य असतं. ते पावसाबरोबर गवतावर, गवतातून गाईच्या पोटात, दुधातून पोरांत. कॅल्शियमचाच भाऊबंद तो. हाडाला फरक कळत नाही, ते त्याला घरात घेतं. हे सिद्ध कसं करणार? पोरांची हाडं कापून बघणार?" सरांनी आमच्याकडे बघितलं, जणू आता हात वर करायचा होता. "तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी, दातांच्या डॉक्टरांनी, शास्त्रज्ञांनी आणि आयांनी मिळून पडलेले दात मागवले. डॉ. लुईझ रीस नावाच्या बाई ते काम बघत होत्या. दात पाठवणाऱ्या पोराला एक बिल्ला मिळायचा, 'मी माझा दात विज्ञानाला दिला'. पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख दात जमले! 1961 मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले, चाचण्या वाढतात तसं दातातलं स्ट्रॉन्शियम वाढतं. 1963 मध्ये हवेतल्या चाचण्या बंद करायचा करार झाला. एकट्या दातांनी झाला असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी सही केली, त्यांच्या घरातही मुलं होती."

कुणी बोललं नाही. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. घराघरांतून एकेक चिमुकला दात पाकिटात घालून टपालात टाकणारी आई. तिच्यासमोर 'काही धोका नाही' हे वाक्य किती वेळ टिकणार?

दिल्याने शांतता मोडली, कारण त्याचा मेहुणा कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागात असतो आणि हे आम्हाला विसरू द्यायचं नाही असा त्याचा नेम आहे. "अरे, ओंटारिओत डॉक्टरांच्या संघटनेने 1998 मध्येच प्रदूषित हवा म्हणजे आरोग्याचं संकट असं जाहीर केलं. पुढे कोळशाची वीज बंद करायच्या मागणीत डॉक्टर पुढे. मिसिसागातलं लेकव्ह्यू वीजकेंद्र 2005 मध्ये बंद झालं, त्याच्या धुराच्या चार चिमण्या 2006 मध्ये सुरुंग लावून पाडल्या. मेहुण्याने स्वतः बघितलं. 2014 मध्ये अख्ख्या प्रांतात कोळसा शून्य!"

"त्यांच्याकडे अणुवीज आहे, पाणी आहे," बंड्या म्हणाला. "चंद्रपूर उद्या बंद कर, तुझ्या घरात पंखा फिरेल का?"

"उद्या कोण म्हणतंय?" शिऱ्या. "पण चंद्रपूरच्या डॉक्टरला आधी एक्स-रे बघून खरं बोलू तर दे."

"आणि तुझा मेहुणा चिमण्या पडताना बघत होता, म्हणजे धूळ खात होता," बंड्याने दिल्याला चिमटा काढला. "सुरुंग म्हणजे फटाकाच! तिथे चालतो, इथे नाही?"

"फटाक्यांचं तू बोलू नकोस," शिऱ्या उसळला. "माझ्या वरातीत तुझा बाण मांडवात शिरला. मामांच्या धोतराला भोक पडलं. सासरचे लोक अजून विचारतात, तो जाड्या कोण होता?"

"तो बाण माझा नव्हताच."

"मग कुणाचा?"

बंड्याने सावकाश दिल्याकडे बोट केलं. "बाटली मी धरली होती. काडी याने लावली. तीस वर्षं मी शिव्या खातोय याच्या वाटच्या!"

दिल्या पांढरा पडला. म्हणाला, "वारा फिरला, मी काय करू?" त्यावर कुलकर्णी सर, ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, ते डोळे पुसायला लागले. "म्हणजे मेहुणा इथे असता तर तोही बघायला आला असता!"

मग मामांना फोन लावायचा ठरलं. मामा आता ऐंशीचे, कानाने जड. शिऱ्याने स्पीकर लावला आणि ओरडून सांगितलं, "मामा, धोतर कुणी जाळलं ते सापडलं!" पलीकडून मामा म्हणाले, "पोलिसांत दिलंस का?" चहावाला पोऱ्या किटली ठेवून खाली बसला हसत. निवेदनावर सामान्य नागरिकांच्याही सह्या घ्यायच्या असं मी म्हणत होतो, पण ऐकायला कुणी नव्हतं. दिल्या धोतराची किंमत आजच्या भावाने ठरवत होता आणि बंड्या त्यातले निम्मे पैसे बाटली धरल्याबद्दल माफ करा म्हणत होता.