दम्याच्या लेखात हृदय कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यामागे वडिलांची काळजी आहे, म्हणून आभाराच्या दोन ओळी लिहून ती मिटवून टाकणे योग्य वाटत नाही. दम्याच्या जुन्या रुग्णांनी हृदयाचीही तपासणी करून घ्यावी, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, फुप्फुस वेगळे आणि हृदय वेगळे. आपल्या वडिलांचा दमा २० वर्षांचा जुना आहे, बिडी त्यांनी केव्हाच सोडली आणि आता फक्त खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) उरला आहे. त्यांच्या पायांवर येणारी सूज वयोमानाची आहे. आणि अशा माणसाच्या मनात हृदयरोगाचे भय घालून त्याला नागपूरच्या वाऱ्या करायला लावणे हा खेड्यातल्या कुटुंबावर अन्याय आहे. शेवटी आपण असेही लिहिले आहे की, आपल्या आजीने जन्मभर पऱ्हाटीच्या चुलीवर स्वयंपाक केला, तरी ती नव्वदी ओलांडून गेली.

खर्चाविषयीचा आपला राग रास्त आहे आणि त्याबद्दल पुढे लिहितो. परंतु फुप्फुसाच्या आजाराचा हृदयाशी संबंध नाही, हे म्हणणे मला तसेच सोडून देता येत नाही. कारण याच समजुतीमुळे आपल्या भागातील कितीतरी माणसे ‘दम्याने गेली’ असे सांगितले जाते आणि त्यांच्या हृदयाकडे शेवटपर्यंत कोणी पाहिलेले नसते.

अंगभर फिरून आलेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूत येते, तेथून फुप्फुसांत जाते, प्राणवायू घेऊन डाव्या बाजूत परतते आणि मग पुन्हा अंगभर जाते. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त याच वाटेने जाते. त्याला दुसरी वाट नाही. निरोगी माणसात उजव्या बाजूचे काम हलके असते. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीतील सरासरी दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आसपास असतो, तर दंडाला पट्टा बांधून आपण जो रक्तदाब मोजतो त्याची सरासरी ९० च्या घरात जाते. म्हणूनच हृदयाच्या उजव्या कप्प्याची भिंत डाव्याच्या मानाने बरीच पातळ असते आणि जास्तीचा भार तिला फार काळ पेलवत नाही.

हा भार वाढतो कसा, हे १९४६ साली स्वीडनमधील फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. श्वासातील प्राणवायू कमी झाला की फुप्फुसातील बारीक रोहिण्या आकसतात. मुळात ही शरीराची सोय आहे. ओलित करणारा शेतकरी जसा एका वाफ्याचे तोंड बंद करून पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवतो, तसे शरीर हवा न पोहोचणाऱ्या भागाकडचे रक्त हवा खेळत असलेल्या भागाकडे वळवते. मात्र वर्षानुवर्षांच्या आजाराने दोन्ही फुप्फुसांत सगळीकडेच हवा कमी पडू लागली, तर सगळीच तोंडे एकदम आकसतात. त्यातच फुप्फुसाची चाळण झाल्याने पुष्कळ बारीक रक्तवाहिन्या कायमच्या नष्ट झालेल्या असतात. उजवा कप्पा या वाढलेल्या दाबाविरुद्ध जोर लावत राहतो, आधी जाड होतो, मग फुगतो आणि शेवटी थकतो. मग रक्त मागे तुंबते: मानेच्या शिरा फुगतात, यकृत मोठे होऊन उजव्या बरगडीखाली जड वाटते आणि पायांवर सूज येते. क्षयरोग बरा होऊनही ज्यांच्या फुप्फुसावर मोठे व्रण राहिले आहेत, त्यांच्यातही हेच घडू शकते. आणि पूर्व विदर्भात घरोघरी माहीत असलेल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही फुप्फुसातील रक्ताचा दाब वाढू शकतो.

म्हणून आपल्या प्रतिक्रियेतील सुजेचा उल्लेख वाचून मी थांबलो. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांची हकिकत ओळख न देता सांगतो. त्यांची सारी हयात जिनिंगमध्ये रुई आणि सरकीच्या धुळीत गेली, जोडीला बिडी होतीच. पावसाळ्यात ते पत्नीसोबत आले तेव्हा त्या माउलीच्या चेहऱ्यावर समाधान होते. ‘त्यायनं आता जरासं आंग धरलं जी,’ असे त्या म्हणाल्या. वजन खरोखरच वाढले होते. पण वहाणेचे पट्टे जेथे येतात तेथे पावलावर खोल वळ उमटले होते आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला तर पडलेला खळगा, मी केसपेपरवर नाव-गाव लिहून होईपर्यंत तसाच राहिला. उशाला टेकवून बसवले तर मानेची शीर कानाच्या पाळीखालपर्यंत टरारलेली दिसत होती. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरवर आकडा ८४, म्हणजे बराच कमी, होता. ते वाढलेले वजन मांसाचे नव्हते, साठलेल्या पाण्याचे होते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मिठाची कपात, इन्हेलर आणि घरी प्राणवायूचे यंत्र अशा उपचारांनी त्यांचे वजन उतरले, आणि ते उतरले तशी त्यांची झोप परत आली.

प्राणवायूबद्दल येथेच सांगतो. ज्यांच्या रक्तातील प्राणवायू सतत फारच कमी असतो, त्यांनी तो रोज किमान १५ तास घेतला तर आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली अमेरिका व ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांतून दिसले आहे. पण जुन्या दम्याच्या अशा रुग्णाला आकडा ९९ वर नेण्यासाठी प्राणवायू भरमसाट देणे घातक ठरू शकते. डॉक्टर साधारणपणे ८८ ते ९२ याच टप्प्यात तो राखतात. कोरोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले, तेव्हापासून हा गैरसमज पसरलेला मी पाहतो.

आपल्या वडिलांची सूज हृदयाचीच आहे, असे मी येथे बसून म्हणणार नाही. सूज मूत्रपिंडाची असू शकते, रक्त कमी असल्याची असू शकते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांचीही असू शकते; आणि एकाच पायाला असेल तर आपल्या भागात हत्तीपायाचाही विचार करावा लागतो. पण ‘वयाची सूज’ असे निदान नसते. त्या वयाच्या निरोगी माणसाच्या पायाला खळगा पडत नाही.

आपण ज्याला सरसकट दमा म्हणतो त्यात दोन वेगळे आजार असतात. एक लहानपणापासून येणारा-जाणारा, मधल्या काळात पूर्ण मोकळा होणारा खरा दमा. दुसरा बिडीने, चुलीच्या धुराने, कोळशाच्या किंवा कापसाच्या धुळीने चाळिशी-पन्नाशीनंतर हळूहळू बळावणारा आणि कधीच पूर्ण न सुटणारा सीओपीडी. नळीत जोराने फुंकर मारून होणाऱ्या स्पायरोमेट्री या तपासणीने ते वेगळे ओळखता येतात. वडिलांचा आजार आपल्या वर्णनावरून दुसऱ्या प्रकारचा वाटतो, आणि हृदयाशी जास्त निगडित असलेलाही तोच.

उजव्या बाजूचे थकणे ही तशी उशिराची गोष्ट आहे. त्याआधीच, आजार मध्यम असतानाच, सीओपीडीच्या रुग्णांना हृदयविकाराचा झटका आणि हृदयाची अनियमित धडधड इतरांपेक्षा जास्त प्रमाणात होते. तंबाखूचा धूर दोन्ही अवयवांना जाळतो हे त्याचे एक कारण आहे, पण एकमेव नाही. फुप्फुसातील सततचा दाह रक्तात उतरतो, रोहिण्यांच्या भिंतींवरील चरबीचे थर त्याने ठिसूळ होतात आणि रक्त गोठण्याकडे झुकते. म्हणूनच खोकला-कफ एकाएकी वाढून दम उसळतो, त्यानंतरचे दिवस हृदयासाठी सर्वांत वाईट असतात. समिट नावाच्या मोठ्या चाचणीतील रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला; त्यात दम उसळल्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत हृदयाच्या गंभीर घटनांचा धोका सुमारे चौपट आढळला आणि ज्यांना त्यासाठी दवाखान्यात भरती व्हावे लागले त्यांच्यात तो जवळपास दहापट होता. आपल्याकडे कापूस वेचणीच्या थंडीत दम उसळलेला माणूस दोन इंजेक्शने घेऊन बरा होतो आणि आठवड्याने ‘अचानक’ जातो, तेव्हा त्या आठवड्यात छातीवर दडपण येत होते का, घाम सुटत होता का, हे कोणी विचारलेले नसते. दम्याच्या माणसाला छातीत भरून येणारच, असे घरच्यांनी गृहीत धरलेले असते.

इंजेक्शनांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. दम लागला की थिओफायलिन आणि स्टेरॉइड यांची सुई टोचून घेणे ही खेड्यातली रीत झाली आहे. स्टेरॉइडला योग्य वेळी, थोडे दिवस, मोठे स्थान आहे. पण महिन्यामागून महिने ते घेत राहिल्यास शरीरात मीठ-पाणी साठते, साखर आणि रक्तदाब वाढतो. थिओफायलिनची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत फार थोडे अंतर असते आणि त्याने हृदयाची लय बिघडू शकते. याउलट ज्या इन्हेलरची ‘सवय लागते’ असे आपण लिहिले आहे, त्यातील साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, म्हणजे २० ते ४० पट, असते. हृदयाची काळजी असेल तर इन्हेलरच निवडावा लागेल.

बिडी सुटली, ही वडिलांनी केलेली मोठी गोष्ट आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण खर्ऱ्यातून धूर जात नसला तरी निकोटीन जातेच. ते नाडी आणि रक्तदाब वाढवते आणि आधीच थकलेल्या हृदयाला पळवते. ‘फक्त खर्रा’ यातील ‘फक्त’ तेवढा काढून टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपण दुर्लक्षाचा ठपका ठेवलेली एक बाजू मागच्या लेखात खरोखर थोडक्यात आटोपली होती, ती म्हणजे उलटी वाट: आजार हृदयाचा आणि तक्रार फुप्फुसाची. डावी बाजू थकली की पाणी फुप्फुसांत साठते आणि छातीत दम्यासारखीच घरघर होते. माणूस आडवा झाला की गुदमरतो, रात्री दोन-तीनच्या सुमारास उठून ओसरीत बसतो. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन ज्यांच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे अशा तरुण बायांना दम लागतो, खोकला येतो, कधी थुंकीतून रक्तही पडते, आणि तपासणी नीट झाली नाही तर त्यांच्यावर क्षयरोगाची औषधे सुरू होतात. अशी सून बाळंतपणात दगावते तेव्हा झडपेचे नावही कोणी ऐकलेले नसते. मला या गोष्टीचा मनापासून संताप येतो, कारण छातीला स्टेथोस्कोप लावून नीट ऐकले तर पुष्कळदा ही शंका तेथेच येते.

आजींबद्दल आदर ठेवून लिहितो. नव्वदी गाठणारी आजी घराण्याच्या आठवणीत राहते. पंचावन्नाव्या वर्षी खोकून खोकून गेलेली शेजारीण तशी राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३२ टक्के, हृदयाच्या रोहिण्यांच्या आजाराचा होता. सीओपीडीचा वाटा सुमारे १९ टक्के होता. म्हणजे चुलीचा धूर सीओपीडीपेक्षा हृदयाच्या वाटेने जास्त माणसे नेतो. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरोघरी पोहोचले, पण ते भरून आणायला पैसा लागतो आणि पऱ्हाटी-तुराटी शेतात फुकट मिळते, हे मला ठाऊक आहे. निदान चूल अंगणात किंवा उघड्या पडवीत असावी, सरपण पुरते वाळलेले असावे आणि दमेकरी माणसाचे अंथरूण चुलीजवळ उबेला टाकू नये, एवढे बिनखर्चाचे आहे.

आता नागपूर. माझ्या लेखाचा अर्थ आपण ‘सगळ्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढा’ असा घेतलात; तसे मला म्हणायचे नाही. पहिली पायरी गावाजवळच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन, रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिमीटरवरील आकडा पाहता येतो, पायाची सूज आणि मानेची शीर पाहायला तर यंत्रही लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क केलेले आहेत. एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी हा खर्च उरतोच, तो मी नाकारत नाही. पण या पायरीवर काही आढळले तरच इको आणि मोठे रुग्णालय; आढळले नाही तर वारी वाचली.

वडिलांना नेताना त्यांच्या सगळ्या गोळ्या आणि इन्हेलर एका पिशवीत घालून सोबत न्यावेत, कारण रक्तदाबाची किंवा हृदयाची काही औषधे खऱ्या दम्यात टाळावी लागतात आणि सीओपीडीत मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतात. ‘दमा आहे’ एवढ्या शब्दावर ती परस्पर बंद करू नयेत. तोवर रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्यापूर्वी त्यांचे वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, सूज घोट्यावरून गुडघ्याकडे चढली, ओठ-नखे निळसर दिसू लागली, वागण्यात गुंगी किंवा भ्रम आला किंवा छातीवर दडपण आले, तर आठवडी बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.