क्रोबार खरंच जुनाट झालाय? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी ५ व्होल्टच्या लाइनवर एससीआरचा क्रोबार लावायला सांगितलं होतं: व्होल्टेज मर्यादेपुढे गेलं की एससीआर (इशारा मिळताच चालू होऊन तसाच चालू राहणारा स्विच) लाइन शॉर्ट करतो आणि मग फ्यूज उडतो. त्यावर तुमचं म्हणणं असं: आपणच आपला सप्लाय शॉर्ट करणं हा रानटी उपाय आहे, फ्यूज उडायला सेकंद लागतात, तोवर बोर्ड जळून मोकळा होतो, आणि इतक्या खटाटोपापेक्षा एक टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज आलं की वाहू लागून ते दाबून धरणारा) लावला की काम झालं. शिवाय क्रोबार उगाचच ट्रिप होतो. 'जुन्या पुस्तकातून उचललंय' हा टोमणा मी पोटात घातला. बाकीच्याचं उत्तर देतो.

आधी टीव्हीएस. तुम्ही सुचवलेल्या एसएमबीजे ५.०एची डेटाशीट उघडा. तो वहायला लागतो तेच ६.४ व्होल्टच्या पुढे, आणि पूर्ण पल्स करंटला ९.२ व्होल्टवर धरतो. आता एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरची कमाल मर्यादा बघा: ६ व्होल्ट. म्हणजे राखणदार जागा होईपर्यंत चोर घरात! शिवाय त्याचे ते ६०० वॉट एका मिलिसेकंदाच्या आसपासच्या पल्सपुरते. सतत सोसायचं म्हटलं तर जेमतेम ५ वॉट, तेही पाय थंड राहिले तर.

हे मी स्वतः भोगलंय. २४ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर, त्याचा वरचा मॉसफेट (इनपुट जोडणारा-तोडणारा स्विच) शॉर्ट झाला. मग इनपुट थेट कॉइलमधून आउटपुटला. हा काही स्पाइक नव्हे, कोणीतरी बंद करेपर्यंत टिकणारा प्रकार. सप्लाय ५ अँपिअरला मर्यादा घालणारा, म्हणजे टीव्हीएसवर ७ व्होल्ट धरले तरी ३५ वॉट. 'टीव्हीएस मरताना शॉर्ट होतो, म्हणून बोर्ड वाचतो' असं तुम्ही लिहिलंय. बहुतेकदा होतोही. माझाही झाला असेल. पण बोर्ड उभा बसवला होता, सोल्डर वितळलं आणि तो पॅडवरून घसरून खाली पडला. खाली पेटीच्या तळाशी एक काळा दाणा, आणि वर सगळ्या आयसींना चोवीस व्होल्ट.

फ्यूजबद्दलचा तुमचा मुद्दा खरा आहे, पण लागू होत नाही. फ्यूज बोर्डासाठी नसतोच. एससीआरच्या गेटला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायाला, इशारा मिळाला की तो काही मायक्रोसेकंदांत चालू होतो आणि लाइन सव्वा-दीड व्होल्टवर आपटते. बोर्ड तिथेच सुटला. पुढची सेकंदं एससीआरची काळजी. खरी गोम वेगळी आहे: सप्लाय ५ अँपिअरवर थांबणारा आणि फ्यूज ४ अँपिअरचा असेल, तर तो कदाचित उडणारच नाही! एससीआर सहा-सात वॉट खात तापत बसेल. अशा ठिकाणी फ्यूज आणखी लहान घ्या आणि एससीआरला हीटसिंक द्या. बॅटरी असेल तर उलटं: शेकडो अँपिअर येतात, मग फ्यूजचा आय-वर्ग-टी (करंटचा वर्ग गुणिले वेळ) एससीआरच्या आय-वर्ग-टीपेक्षा कमी हवा. आणि फ्यूज बक कन्व्हर्टरच्या आधी, २४ व्होल्टच्या बाजूला.

उगाच ट्रिप होण्याबाबत मात्र चूक माझी. आकृतीत उंबरठा ओळखायला मी नुसता झेनर (ठराविक व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड) दाखवला होता. ५.१ व्होल्टचा झेनर धारदार नसतो, थोडा आधीपासूनच गळतो. त्याऐवजी टीएल४३१ (अचूक संदर्भ-व्होल्टेज देणारी आयसी) घेऊन १२ आणि १० किलोओमचा विभाजक लावला की उंबरठा ५.५ व्होल्टपाशी पक्का बसतो. गेट आणि कॅथोडमध्ये १ किलोओम आणि १०० नॅनोफॅरड टाकले की बारीकसारीक खरखरीला तो दाद देत नाही. आकृती बदलली आहे.

गाडीतल्या यंत्रात क्रोबार चालेल का, ही तुमची शंकाही रास्त. चार्जिंग चालू असताना बॅटरीची तार सुटली, तर १२ व्होल्टच्या अल्टरनेटरवर शंभरेक व्होल्टपर्यंतचा झटका ४०० मिलिसेकंदांपर्यंत राहू शकतो. तिथे क्रोबारने फ्यूज उडवून चालत्या गाडीत यंत्र मेलेलं ठेवण्यात अर्थ नाही. मालिकेत मॉसफेट घालून लाइन तोडणाराच उपाय बरा. फक्त तो मॉसफेट स्वतः तेवढे व्होल्ट सोसणारा घ्या. शॉर्ट होण्याची खोड त्यालाही आहेच.

तुमच्या बोर्डावरचा टीव्हीएस काढू नका. लांब तारांमुळे येणारे झटके तोच झेलतो. क्रोबार त्याच्या शेजारी बसवा.